नवे टायर, आणि आडवा आलेला कुत्रा

मोटरसायकल मला बाबांनी शिकवली, शिवडीच्या गोदीकडच्या रस्त्यांवर. रविवारी सकाळी तिथे ट्रक नुसते उभे असतात आणि माणूस कोणी फिरकत नाही. दादालाही त्यांनी तिथेच शिकवलं होतं. पण बाबांची गाडी दादाला कधी आवडली नाही, त्याला मोठ्या इंजिनाची हवी होती. पुढे बाबा गेले. दादा लग्नानंतर डोंबिवलीला राहायला गेला, आणि काळाचौकीच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आई आणि मी उरलो. गाडी खाली जिन्याजवळ. तिची किल्ली दादाने मागितली नाही आणि मीही विचारलं नाही.

मी परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. सकाळची पाळी असली की लवकर पोचावं लागतं. बाई मोटरसायकलवरून कामाला जाते, याचं चाळीत आधी कौतुक झालं, मग टोमणे झाले, मग सगळ्यांना कंटाळा आला. गाडी जुनी असली तरी मी ती सांभाळून होते. ऑइल, चेन, ब्रेक, सगळं वेळच्या वेळी. टायर मात्र अंगावर काढत राहिले. एकदा हिंदमाताजवळ सिग्नलला ब्रेक मारला आणि मागचं चाक बाजूला सरकलं. पडले नाही, थोडक्यात वाचले. त्याच आठवड्यात मी दोन्ही टायर बदलले.

लालबागच्या टायरवाल्याने नवे टायर चढवले, हवा भरली आणि म्हणाला, "मॅडम, थोडे दिवस आरामात हां. नवीन रबर आहे, वरून तेलकट असतं. शंभर-दीडशे किलोमीटर होईपर्यंत जोरात ब्रेक नाही, वळणावर गाडी वाकवायची नाही. ओल्या रस्त्यावर तर एकदम सांभाळून."

मी टायरवर हात फिरवला. खरंच चकाकत होता, नव्या चपलेच्या तळव्यासारखा, आणि कडेला रबराचे बारीक केस उभे. नवे टायर म्हणजे सुरक्षित, एवढंच मला तोवर माहीत होतं. नवे आहेत म्हणून काही दिवस जपायचं, हे मला नवीन होतं. घरी येऊन मी आईलाही सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "होय गे," म्हणाली.

पुढचे काही दिवस मी म्हातारीसारखी गाडी चालवली. दादरच्या पुलावर मागून हॉर्न वाजायचे, वाजू दिले. रविवारी शिवडीला जाऊन मोकळ्या रस्त्यावर आधी सरळ, मग मोठमोठे गोल काढत राहिले, म्हणजे टायर मधून बाहेरच्या बाजूला हळूहळू घासला जाईल. मधला पट्टा काळा-भुरा झाला, पण कडा अजून चकाकत होत्या. अजून एक-दोन रविवार लागले असते.

त्याच्या पुढच्या रविवारी गिरगावात मावसभावाचा साखरपुडा होता. माझी ड्युटी बदलून मिळाली नाही. आईला न्यायला दादा डोंबिवलीहून येणार होता. वहिनी तिच्या भावाबरोबर परस्पर हॉलवर जाणार होती. मी त्या दिवशी बसने कामाला गेले, कारण गाडीच्या आरशाचा स्क्रू ढिला झाला होता आणि तो संध्याकाळी बसवायचं ठरवलं होतं. सकाळी दादाचा फोन आला.

"किल्ली कुठेय गं?"

"टॅक्सीने जा ना. आई साडीत असणार."

"टॅक्सीत कशाला? खाली गाडी आहे की. आई बसते माझ्या मागे, लहानपणापासून बसते."

तो हे असं म्हणाला, लहानपणापासून. हसण्यावारी न्यावं असंच ते होतं, पण मी हसले नाही. म्हटलं, "किल्ली खिळ्याला आहे. पण दादा, ऐक. टायर नवे आहेत. कडेचं रबर अजून घासलेलं नाही. वळणावर गाडी वाकवू नकोस आणि एकदम ब्रेक दाबू नकोस. हळू जा."

"तू मला गाडी शिकवणार आता?"

"आईला दे फोन."

आई फोनवर आली. तिलाही मी तेच सांगितलं. हळू चालवायला सांग त्याला, म्हटलं. "सांगतंय," म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

मग दुपारच्या जेवणाआधी दादाचा परत फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "आई पडली. तुझ्याकडेच आणतोय."

चिंचपोकळीच्या पुलावरून उतरून सात रस्त्याकडे डावीकडे वळताना गाडी सरकली होती. खोदकामासाठी रस्त्यावर लोखंडी पत्रे टाकले होते. आई एका बाजूला पाय सोडून बसलेली, त्यामुळे ती डाव्या अंगावर पडली. दादाचं कोपर सोललं होतं, बाकी काही नाही. लोकांनी उचलून टॅक्सीत घातलं.

कॅज्युअल्टीतून स्ट्रेचर आमच्या खोलीत आलं तेव्हा माझी सहकारी म्हणाली, "तू बाहेर थांब, मी काढते." मी म्हटलं, नको, मीच काढते. आईने साखरपुड्यासाठी मोतिया रंगाची साडी नेसली होती. ती गुडघ्याजवळ फाटली होती आणि केसातला गजरा तसाच होता. डावा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता. तो बघितल्याबरोबर मला काय झालंय ते कळलं. असे पाय मी रोज बघते.

पायाखाली हळूच उशी सरकवत होते, तेव्हा आईने माझं मनगट धरलं. चाळीत आणि बाहेर ती सरळ मुंबईची मराठी बोलते. घरातल्या घरात मात्र मालवणी. त्या टेबलावर ती मालवणीत म्हणाली, "तेका काय बोलू नको हां. घाबारलो आसा तो."

मला वाटलं, ती पायाबद्दल काही सांगेल. खूप दुखतंय म्हणेल.

"कसं काय झालं?" मी विचारलं.

"मिया सांगलंय तेका, हळू चल म्हणान." मग थोडं थांबून म्हणाली, "कुत्रो आडवो इलो म्हणान सांग सगळ्यांका."

मी काचेमागे गेले, बटण दाबलं. पडद्यावर खुब्याचं हाड तुटलेलं दिसलं. आईचं हाड आतून मी पहिल्यांदाच पाहत होते. ते किती विरळ झालंय, हेही दिसत होतं. मी प्रिंट काढली आणि बाहेर नेऊन डॉक्टरांना दिली. दादा बाकावर बसला होता. त्याने वर बघून विचारलं, "काय म्हणाली?"

"कुत्रा आडवा आला म्हणाली."

त्याने मान खाली घातली. त्या क्षणी तरी तो "नाही गं" म्हणेल असं मला वाटलं होतं. तसं तो म्हणाला नाही.

ऑपरेशन झालं. आत धातूचा गोळा बसवला. दुसऱ्या दिवशी मी गाडी बघायला गेले. दादाने ती कोणाला तरी सांगून फुटपाथला लावून घेतली होती. डाव्या बाजूचं पायदान वाकलं होतं, आरसा गेला होता. मी खाली बसून टायर बघितला. मधला पट्टा मी शिवडीत घासलेला तसाच भुरा. कडेचं चकाकणारं रबर मात्र एका जागी ओरबाडल्यासारखं झालेलं, एकच लांब फराटा. गाडी तेवढी वाकवल्याशिवाय तिथे फराटा येत नाही. मी फोनवर फोटो काढला आणि संध्याकाळी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये दादाला दाखवला.

"हे बघ. एवढी वाकवलीस गाडी?"

"तू काय पोलीस आहेस? आई आत पडलीय आणि तू टायरचे फोटो काढत फिरतेस?"

"मी सांगितलं होतं तुला."

"हो, सांगितलं होतंस! बरं वाटतंय ना आता?"

बाजूच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. मी फोन पर्समध्ये टाकला. मला बरं वाटत नव्हतं. मला फक्त, तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही, एवढं त्याच्या तोंडून हवं होतं. तेवढंही त्याच्याजवळ नव्हतं.

आई घरी आली ती खुर्चीत बसून. चाळीतल्या चौघांनी खुर्ची उचलून जिना चढवली. आमचा संडास गॅलरीच्या टोकाला, खाली बसायचा. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केलेली. म्हणून खोलीत पडदा लावून कमोडची खुर्ची ठेवली. ती साफ मी करायची. ड्युटीवरून आले की आईची आंघोळ, व्यायाम, जेवण. मी नसताना शेजारच्या काकू लक्ष ठेवायच्या. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागायची आणि प्रत्येकाला आई सांगायची, "कुत्रा आडवा आला हो, त्याचा काय दोष? पोराने वाचवायला म्हणून ब्रेक मारला." हळूहळू त्या कुत्र्याला रंग आला, तो तपकिरी झाला. पुढे तर काकूच मला सांगायला लागल्या की तिकडे पुलाजवळ कुत्र्यांचा फार त्रास आहे.

दादा रविवारी यायचा, शहाळं घेऊन. आई त्याला जवळ बसवायची, त्याच्या कोपरावरून हात फिरवायची. तिथे आता साधा डागही उरला नव्हता. मला म्हणायची, "तेका बांगडो तळ गे, डोंबिवलीसून इलो हा." मी तळायचे. खाऊन, आईशी गप्पा मारून तो निघायचा. एकदा गॅलरीत चपला घालताना म्हणाला, "ती गाडी विकून टाक. अपशकुनी आहे."

मी म्हटलं, "मी कामाला कशी जाऊ?"

"जातात ना बाकीच्या बायका."

मी गाडी विकली नाही. पायदान सरळ करून घेतलं, आरसा बसवला आणि राहिलेले किलोमीटर पूर्ण केले. त्याच टायरवर मी आजही चालवते. पहिला काळ गेल्यावर ते उत्तम निघाले, पावसातही रस्ता धरून ठेवतात.

मग एका रविवारी दादाबरोबर वहिनी आली, तिचा भाऊही होता. चहा देत असताना तो भाऊ मला म्हणाला, अगदी सहज, "ताई, घरच्या माणसांसाठी तरी टायर चांगले घ्यायचे. हलक्या मालाने असं होतं." मी दादाकडे बघितलं. तो मोबाइल बघत होता. म्हणजे डोंबिवलीत सांगितलेल्या गोष्टीत कुत्रा नव्हता. तिथे माझे टायर होते.

मी म्हटलं, "टायर चांगले होते. नवे होते. हळू चालवायचे होते."

वहिनीने बिस्किट घेतलं. मी आईकडे बघितलं. तिने फोनवर माझ्याकडून ऐकलं होतं, दादाला सांगितलंही होतं, हे तिने स्वतः मला एक्स-रेच्या टेबलावर सांगितलेलं. ती खिडकीकडे बघत राहिली.

सगळे गेल्यावर मी तिच्यासमोर बसले. "आई, कुत्रा होता का?"

"नाय."

"मग ते लोक मला बोलत होते तेव्हा तू गप्प का बसलीस?"

तिने उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. त्याचंच मला जास्त लागलं. जणू ते केव्हाचं तिच्याजवळ तयार होतं. "तेका सासुरवाडीत तोंड दाखवचा आसा. तुका खंय कोणाक दाखवचा आसा?"

माझं लग्न झालेलं नाही. का झालं नाही त्याची कारणं आहेत आणि त्यातलं एक ती स्वतः आहे, बाबांचं आजारपण हे दुसरं. मी उठून कमोडचं भांडं घेतलं आणि गॅलरीच्या टोकाला गेले. नळ सोडून ते दोनदा धुतलं. परत आले तेव्हा ती झोपेच्या गोळीसाठी पाणी मागत होती. दिलं.

आता ती काठी घेऊन चालते. जिना उतरायला वेळ लागतो, पण उतरते. मागच्या महिन्यात दादाच्या मुलाचं बारसं होतं आणि वहिनीला साडी घ्यायची म्हणून मी तिला टॅक्सीने हिंदमाताला नेलं. दुकानदाराने तिच्यासाठी गादीशेजारी स्टूल मागवलं, काठी कोपऱ्याला लावली आणि आपुलकीने विचारलं, "कशा पडलात हो आजी?"

"मुलीच्या गाडीवरून पडले," आई म्हणाली.

त्याने माझ्याकडे बघितलं. तशा नजरेने माझ्याकडे आधी कोणी बघितलं नव्हतं. चाळीतही नाही.

"मी नव्हते चालवत," मी म्हणाले. "मी ड्युटीवर होते. माझा भाऊ चालवत होता."

"असं होय," तो म्हणाला आणि पुढची साडी उलगडली. आईने पदराचा काठ बोटांत धरून बघितला. मी काही बोललेच नव्हते, असा तिचा चेहरा होता. "हिरव्यात दाखवा," ती म्हणाली.

हिरवीच घेतली. वहिनीला फार आवडली, असं दादाने नंतर आईला फोन करून सांगितलं.