एक जूनला अठरा

माझी कॉलेजातली मैत्रीण कुठल्याशा समुद्रातल्या बेटावर स्वयंसेवक म्हणून शिकवायला गेली आणि रोज निळ्या पाण्याचे फोटो पाठवू लागली. मी तेव्हा डी.एड. होऊन लोणखेड्याला घरी बसले होते. भरती बंद होती. वडिलांच्या केळीच्या बागेत मजुरांना चहा नेऊन देणं, एवढंच काय ते माझं शिक्षण कामी येत होतं. तिचे फोटो बघून माझा जळफळाट व्हायचा, हे कबूल करते. म्हणून नर्मदेच्या फुगवट्यातल्या एका पाड्यावर वर्षभर बिनपगारी शिकवायला शहाद्याच्या एका संस्थेला कोणीतरी हवं आहे असं कळलं, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी जाऊन नाव दिलं. तेही बेटच होतं. धरणाचं पाणी चढलं, खालचं गाव बुडालं आणि डोंगराचा माथा तेवढा अकरा घरांसकट वर राहिला.

"आठे काय कमी शे तुले?" आई म्हणाली. "परदेश चालनी का काय?" आणि खरोखर परदेशी निघाल्यासारखी तिने माझी बॅग भरली, लोणच्याच्या बरणीपासून तापाच्या गोळ्यांपर्यंत.

ती फारशी चुकली नव्हती. धडगावपर्यंत बस, पुढे जीप, जीपचा रस्ता संपला की दीड तास उतरणीची पायवाट, मग होडी. होडीतून उतरले तर माझ्या मराठीतलं कोणाला काही कळेना आणि त्यांच्या पावरी बोलीतलं मला. जिल्हा तोच, कलेक्टर तोच, आणि मी परक्या मुलखात उभी होते.

सतरा मुलं होती. कुडाच्या भिंतींचं एक छप्पर, तीच शाळा. सरकारी कागदांत ही शाळा कधीच सपाटीवरच्या नव्या वसाहतीत गेली होती, त्यामुळे जी माणसं डोंगर सोडून गेली नाहीत त्यांच्या मुलांचं नाव कुठल्याच रजिस्टरात नव्हतं. संस्थेने मला पहिलं काम दिलं ते यादीचं. नाव, आईचं नाव, वय. नावं अर्ध्या दिवसात झाली. वयापाशी गाडी अडली. जन्मतारीख एकाही घराला माहीत नव्हती.

पण पाणी सगळ्यांना माहीत होतं. पाड्यावरच्या सगळ्या बाळंतपणांना जिचे हात लागले होते ती म्हातारी सुईण मला उतारावर घेऊन बसली आणि काठीने दाखवू लागली. हा पोरगा झाला त्या पावसाळ्यात पाणी त्या काळ्या खडकाला लागलं. ही पोरगी झाली तेव्हा दगडी खळ्यात शिरलं. त्याच्या पुढच्या साली खाली राहिलं, जांभळीपाशी. म्हातारी एकदाही अडखळली नाही. एकेका पावसाळ्याला एकेक खूण, अशी मी मागे मागे मोजत गेले आणि आठवडाभरात सतरा मुलांची सतरा वयं काढून वहीत उतरवली. त्या वहीवर मी 'पाण्याची वही' असं नाव घातलं. स्वतःवर इतकी खूश मी त्याआधी झाले नव्हते, त्यानंतरही नाही.

त्या सतरांत एक मुलगी होती. वाकड्या मोहाच्या बुंध्याला पाणी लागलं त्या सालची, म्हणजे आठ वर्षांची. होडीत उभी राहून वल्हं मारायची. माझी पावरी ऐकून पोट धरून हसायची आणि एकेक शब्द तीन तीनदा म्हणून घ्यायची. दिवाळीपर्यंत ती धडाधड वाचायला लागली. बिस्किटाच्या पुड्याचा कागद, औषधाची चिठ्ठी, माझ्या आईचं पत्रसुद्धा. फळ्यावर माझी काही चूक झाली की सगळ्यांदेखत सांगायची आणि मी पुसून पुन्हा लिहीपर्यंत खडू पुढे धरून उभी राहायची. मला तिचा राग यायचा आणि तिच्यावाचून करमायचंही नाही.

एप्रिलमध्ये माझं वर्ष संपणार होतं. माझ्यानंतर कोणी येणार आहे का, याला संस्थेकडे उत्तर नव्हतं. ही मुलगी परत शेळ्यांमागे जाईल, या विचाराने मी बेचैन झाले होते. धडगावच्या बाजूला एक आश्रमशाळा होती. तिथे मुलींना ठेवून घ्यायचे ते पाचवीपासून, आणि पाचवीला वय दहा लागायचं. मी पाण्याची वही उघडली, वाकड्या मोहावर काट मारली आणि वर लिहिलं, दगडी खळं. दोन पावसाळे मागे. मग प्रवेशाच्या अर्जावर वर्ष टाकलं आणि त्याच्यापुढे, तारीख ठाऊक नसलेल्या पोरांना सगळेच मास्तर लावतात ती तारीख लावली. एक जून.

तिचा बाप तयार नव्हता. त्याला मोडकं मराठी यायचं. "लहान हाय," तो म्हणाला. "अजून आईपाशी झोपते. दोन वर्षं राहू दे." त्यांच्या बोलीत लहानथोर सगळ्यांना तूच म्हणतात, तसं तो मलाही म्हणायचा. "तू सांग, इतकी घाई कशाला?"

मी त्याला अर्ज दाखवला. "कागदावर दहा आहे," मी म्हणाले. त्याला वाचता येत नव्हतं. तो त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी त्याने अंगठा दिला. आपण एका मुलीचं आयुष्य उजळतोय, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटत होतं. आणि परत गेल्यावर संस्थेत सांगायला एक तरी गोष्ट मला हवी होती, हेही तितकंच खरं आहे.

जूनमध्ये तिला पोचवायला मी मुद्दाम लोणखेड्याहून परत गेले. होडीत ती माझ्या मांडीशी बसली होती. "कोणी विचारलं तर किती सांगायचं?" मी विचारलं. "दहा," ती म्हणाली. तिला तो खेळ वाटला. पलीकडचा काठ येईपर्यंत ती पाण्यात बोटं बुडवून म्हणत होती, दहा, दहा, दहा.

पहिल्या वर्षी ती रोज अंथरूण ओलं करायची, असं मला तिथल्या अधीक्षिकेने फोनवर सांगितलं. "दहा वर्षांची घोडी झाली तरी," असं ती बाई म्हणाली. मी फोन ठेवला आणि जेवायला बसले. पुढे मुलगी रुळली. नववीत एकदा नापास झाली, पण दहावी, अकरावी पार केली. मधल्या काळात भरती निघाली आणि मला विसरवाडीजवळच्या एका शाळेत शिक्षणसेवक म्हणून नेमणूक मिळाली. तिचा सहा महिन्यांतून एखादा फोन यायचा. बारावीनंतर नर्सिंगला जायचं आहे, असं ती सांगायची.

आठ वर्षांनी, मेच्या शेवटी, मी सुट्टीला लोणखेड्याला आलेली असताना तिचा फोन आला. पाड्यावर एकाच खडकावर रेंज यायची, आणि वारा इतका होता की तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"बाई, मी सोळाची आहे ना?"

माझं लग्न ठरवलंय, ती म्हणाली. अठराच्या आत करता येत नाही असं तिने घरात सांगून पाहिलं. पण मुलाकडचेही हल्ली पोलिसांना भिऊन असतात, त्यांनी आधीच तिचं आधार कार्ड मागून घेतलं होतं. शाळेच्या दाखल्यावरून काढलेल्या त्या कार्डावर तिला एक जूनला अठरा पूर्ण होत होती. म्हणून लग्न चार जूनला धरलं होतं.

"तुम्ही येऊन सांगा," ती म्हणाली. "तुमच्या वहीत आहे."

मी म्हणाले, "बघते."

असं कोणाला म्हणायचं असतं का? पण मी म्हणाले. माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं त्याच जूनमध्ये पूर्ण होत होती, कायम होण्याचा कागद वर गेलेला होता. खोटी जन्मतारीख लिहिलेली मास्तरीण म्हणून कोणी एक अर्ज केला असता तर? घरी कोणाला काही सांगितलं नाही. दोन दिवस मी काही ना काही काढून आवरत बसले, माळे झाडले, डबे घासले, आणि फोन वाजला की दचकत होते. मी घाबरले होते. त्याला दुसरा शब्द नाही. ती वही माळ्यावर पहिल्याच दिवशी सापडली होती, तरी ती शोधतेय असंच मी स्वतःला सांगत राहिले.

तिसऱ्या दिवशी, तीस मेला, मी निघाले. पाणी खूप उतरलं होतं. चिखलाच्या उतारावर जुन्या झाडांची काळी खोडं उघडी पडली होती, आणि त्यांच्या बरंच वर वाकडा मोह कोरड्यात उभा होता. होडीतून उतरून वर चढताना त्याच्याकडे बघायचं मी टाळलं.

मुलीचा बाप दारात बाजेवर बसला होता. आई आत भाकरी करत होती. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, उंच झालेली, आणि तिने मला नमस्कार केला नाही. मी वही उघडून सगळं सांगितलं. कुठली खूण होती, कुठली मी केली. सुईण आता राहिली नव्हती, पण बापाला तिच्या साक्षीची गरज नव्हतीच. आपली पोर कुठल्या पाण्याला झाली ते त्याला ठाऊक होतं.

"मला म्हाइत हाय," तो म्हणाला. "तेव्हा आम्ही लहान म्हणत होतो, तू मोठी केली. आता आम्ही मोठी म्हणतो, तू लहान करते. माझ्या पोरीचं वय तुझ्याकडे ठेवलंय का?"

तो चिडलेला नव्हता, हेच मला जड गेलं. मुलगा चांगला होता, घर होडीने दोन वळणांवर होतं. "आठ वर्षं ती माझ्या घरात पाहुणी आली," तो म्हणाला. "सुट्टीला यायची, जायची. आता जवळ राहील, म्हणून केलं." आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. मग त्याने मुलीला पावरीत विचारलं, तुला काय हवंय, ती म्हणाली, बारावी, आणि तो माझ्याकडे वळला. कार्ड बघून मुलाकडचे हो म्हणाले, आता मी तोंडाने नाही म्हटलं तर माझं कोण ऐकणार? कागदाने केलंय, कागदानेच मोडू दे. लिहून दे.

लग्न थांबलं, हे इथेच सांगून टाकते. मुलाकडच्यांनी कागद वाचून घेतला, परत दिला आणि पोलिसांच्या भीतीने दोन वर्षं थांबायला ते तयार झाले. ती बारावीला गेली. मीही कायम झाले. माझा तो कागद तिच्या पत्र्याच्या पेटीत आहे आणि तिने मनात आणलं तर उद्या तो कुठल्याही ऑफिसात जाऊ शकतो. या भीतीने मला अधूनमधून जाग येते, पण आठवतं ते वेगळंच.

मी वहीतलं एक पान फाडलं. पेन आणायलाही विसरले होते, ते मुलीने आतून आणून दिलं. मी बाजेच्या कडेवर वही ठेवून लिहायला लागले. अक्षर मी चांगलं काढलं. आमच्या ऑफिसातून येणाऱ्या पत्रांची भाषा आता माझ्या अंगवळणी पडली होती. सदर विद्यार्थिनीची जन्मतारीख प्रवेशाच्या वेळी नजरचुकीने दोन वर्षे आधीची नोंदवण्यात आली. लिहून झाल्यावर मला थोडं हलकंही वाटलं. मी कागद बापाकडे दिला. त्याने तो न बघता मुलीकडे दिला. त्या घरात वाचता येणारी तीच होती, आणि तिला वाचायला मी शिकवलं होतं.

तिने उभ्यानेच वाचला. मग पुन्हा वाचला.

"नजरचुकीने नाही, बाई," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"होडीत तुम्ही मला सांगितलं होतं, दहा सांगायचं म्हणून. मला आठवतंय."

तिने कागद माझ्यासमोर ठेवला आणि पेन पुढे धरलं. आवाजात राग नव्हता. मी पेन घेईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मी तो शब्द खोडला. वर लिहिलं, मी स्वतः, जाणूनबुजून. तिने वाकून वाचलं, मान हलवली आणि बापाला त्यांच्या बोलीत सगळं वाचून दाखवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"खाली सही करा," ती म्हणाली. "आणि तारीख घाला. आजचीच."

मी घातली.