चुरगळलेल्या फॉईलचा उजेड

समोर टॉवर उभा राहिला आणि दहिसरच्या चाळीतल्या जयाच्या खोलीतलं ऊन गेलं. ब्लाउज शिवायला भर दुपारी ट्यूब लावावी लागे, तरी काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नसे. राग निघायचा नवऱ्यावर, कारण अंबादास त्याच टॉवरचा वॉचमन होता.

तो डब्यातल्या चपात्यांची फॉईल रोज घरी आणू लागला. महिन्याभराने ते तुकडे त्याने एका फळीवर चिकटवले आणि खिडकीबाहेर समोरच, जिथे अजून ऊन पडायचं, तिथे फळी उभी केली. खोलीत मळकट उजेड आला.

"तेलकट, चुरगळलेली फॉईल! त्यात चकचकीत बाजू आत चिकटवलेली!" जया कडाडली. तिने ते तुकडे उपटले आणि नवीकोरी फॉईल सपाट लावली. उन्हाचा एकच चौकोन थेट तिच्या डोळ्यांत घुसला, शिलाई मशीन अंधारातच राहिलं. बाजू उलटून पाहिली, काडीचा फरक नाही.

मग तिने गुपचूप जुने तुकडे साबणाने धुऊन परत लावले. तेल गेलं होतं. सुरकुतीसुरकुतीवरून उजेड फुटला आणि खोलीभर पसरला. काळा दोरा सुईत पहिल्याच फटक्यात गेला.

आभार मानायची या घरात पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याच्या चपात्यांना फॉईलचे दोन वेढे दिले.

"एवढी कशाला गं?"

"घरी आणताना मस्त चुरगळून आणा," ती म्हणाली.