उजवा खांदा

माझे भावोजी मेलेल्या माणसांची चित्रं काढायचे. पोट त्यावरच. घरच्यांनी ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो आणून द्यायचा आणि भावोजींनी त्याचं भिंतीवर लावण्याजोगं रंगीत चित्र करायचं. नाक सरळ, रंग जरा उजळ, अंगात कोट. जन्मभर बनियनवर वावरलेल्या माणसालासुद्धा कोट! लोक खूश. "जिवंतपणी नाही मिळालं ते मी देतो," असं भावोजी म्हणायचे. काय तो तोरा, विचारू नका.

मग माझी ताई गेली. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. भावोजींनी दार लावून घेतलं, बारा दिवस तिचं चित्र रंगवलं आणि मला बघायला बोलावलं. चित्रातली बाई फारच देखणी होती.

"छान आहे," मी म्हटलं, "पण ही कोण?"

त्यांचा चेहरा पडला. पुसून पुन्हा रंगवलं, चार वेळा. दर वेळी नवीनच कोणीतरी बाई.

पुढच्या आठवड्यात ते इस्त्रीवाल्याकडे तिचे राहिलेले कपडे आणायला गेले. इस्त्रीवाल्याला लिहिता-वाचता येत नाही. कोणाचा गठ्ठा कुठला हे कळावं म्हणून तो प्रत्येक फळीखाली कोळशाने त्या माणसाचं चित्र काढून ठेवतो. पोट सुटलेले मास्तर म्हणजे एक गोल आणि छत्री. ताईच्या फळीखाली चार रेघा होत्या. अंबाडा, पाठ, एक उतरलेला खांदा, हातात बादली. भावोजी भर दुकानात "अगं!" म्हणून ओरडले.

इस्त्रीवाल्याने गठ्ठा त्यांच्या हातात ठेवला आणि ओल्या फडक्याने त्या रेघा पुसल्या. गिऱ्हाईक संपलं की फळी रिकामी, हा त्याचा शिरस्ता. "थांब, थांब!" म्हणेपर्यंत ताई दुसऱ्यांदा गेली. पुन्हा काढून दे म्हटलं, तर तो बिचारा घाबरला. "आता कसं जमेल, साहेब? बाई बादली घेऊन दारात उभ्या होत्या, तेव्हा बघून काढलं होतं."

तिथून भावोजी तडक माझ्याकडे आले.

"तिचा कोणता खांदा उतरलेला होता गं? डावा की उजवा?"

माझं डोकंच फिरलं. "तीस वर्षं संसार केलात ना? अख्ख्या गावाच्या मढ्यांची नाकं पाठ, आणि बायकोचा खांदा मला विचारता? लाज कशी वाटत नाही?"

त्यांनी खिशातून इस्त्रीवाल्याकडचा कोळसा काढला. शेवटी मीच सांगितलं, "उजवा. नळ खाली, तुमची खोली तिसऱ्या मजल्यावर. पाणी कोण आणायचं?"

माझ्या जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी कोळसा ओढला. तीन रेघांत ताई उभी राहिली आणि मला रडूच फुटलं. बादली काढताना त्यांचा हात थांबला.

"रोज किती खेपा?"

"सहा. त्यातल्या दोन तुमचे ब्रश धुवायला."

आता गिऱ्हाईक आलं की ते फोटो बाजूला ठेवतात. "ते बसायचे कसे? घरात काय उचलायचे?" असं विचारतात. निम्म्या लोकांना सांगता येत नाही, मग ते चिडून कोट चढवणारा दुसरा गाठतात. जे सांगू शकतात, त्यांना कोळशाच्या पाच-सहा रेघा मिळतात. धंदा पार बसला.

ते कॅलेंडर मागायला भावोजी तीनदा आले. मी दिलं नाही. तुमचं तुम्ही काढा म्हटलं. रोज काढायला बसतात, बादलीपाशी अडतात आणि फाडून टाकतात.