ठमाबाईचा अंगठा

आमचं कार्यालय तीन वर्षांसाठी उघडलं होतं. आज ते एकतीस वर्षांचं आहे, आणि त्यातली बावीस वर्षं मी तिथं कारकुनी केली. ज्या कालव्यासाठी ते उघडलं, त्याची टोपलीभर मातीसुद्धा कुणी काढली नाही. दर फेब्रुवारीत वरून कागद यायचा, की गरज असेल तरच मुदतवाढ मिळेल. ती गरज सिद्ध करायची एवढंच आमचं काम होतं, आणि ते मात्र आम्ही जीव तोडून केलं.

ठमाबाई सिंदेवाहीकडची. दोन एकर धानाची बांधी, आणि सातबाऱ्यावर शेरा, 'कालव्यासाठी राखीव'. तो निघाल्याशिवाय बांधी तिच्या विधवा लेकीच्या, दिव्यानीच्या, नावावर होणार नव्हती. म्हणून बाई दर जानेवारीत एसटीनं गडचिरोलीला यायची आणि दिवसभर आमच्या बाकावर बसायची.

"बाबू, यंदा तरी काढता का जी शेरा?"

"वरून आदेश नाही," मी सांगायचो. धादांत खोटं. शेरा काढायचा अधिकार आमच्या साहेबांनाच होता. पण सगळे शेरे काढले तर काम संपलं, काम संपलं तर कार्यालय संपलं, आणि साहेबांची जीप गेली. असल्या माणसांना लाज नसते. मलाही नव्हती.

जाताना ती भेटीच्या वहीत अंगठा उठवायची. वर्षाकाठी असे नऊ अंगठे जमले की साहेब खूश. एकदा तिनं विचारलं, "काय लिवून राह्यले, बाबू?" मी वाचून दाखवलं, 'जनतेची वर्दळ पाहता कार्यालय चालू ठेवणे आवश्यक आहे.'

ती अंगठ्याची शाई पुसत राहिली. "म्हंजे माह्याच अंगठ्यानं चालून राह्यलं हे हापिस?"

पुढच्या जानेवारीत ती आली नाही. बाकावर ओळखीच्या झालेल्या बाकी आठ जणांनाही तिनं घरोघर जाऊन थांबवलं. वही कोरी राहिली आणि साहेबांची पाचावर धारण बसली. दोन दिवस त्यांना चहा गोड लागेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी मजकूर सांगितला आणि मी टाइप केला, 'यंदा एकही तक्रार नाही. कार्यालयाचे काम उत्तम. मुदतवाढ द्यावी.' आठ दिवसांत मंजुरी आली. साहेबांनी पेढे वाटले, मीही खाल्ला.

एप्रिलात ठमाबाई आली ती आमच्या दाराला लागलेलं कुलूप बघायला. दार सताड उघडं होतं. मी तिला सगळं सांगून टाकलं. ती बाकावर बसली.

"मी आली तरी चालते, नाई आली तरी चालते," ती म्हणाली. "अन् मी मेली तं?"

त्यासाठीही टेबलाच्या खालच्या खणात छापील नमुना होता. मयत खातेदाराच्या वारसाची चौकशी, मुदत तीन वर्षं.