नळाला बांधलेलं फडकं

मंडळी, मी या ग्रुपवर दोन वर्षं नुसती वाचते आहे. वाचते आणि हसते, हे आधीच कबूल करते. कुणाला वळणावर बाई दिसली, कुणाला रिकाम्या खोलीत पैंजण ऐकू आले... मी आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि चहाबरोबर आम्ही ते संपवायचो. सांगलीच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. नकाशावर बोट ठेवून जे दाखवता येत नाही, त्यावर माझा विश्वास नाही. अजूनही फारसा बसलेला नाही. पण मागच्या जूनमध्ये जे झालं ते कुठल्या धड्यात घालायचं तेच कळेना, म्हणून लिहायला बसले. घाबरण्यासारखं यात काही नाही. ज्यांना घाबरायचंच आहे त्यांनी कालची विहिरीवाली पोस्ट वाचावी.

आम्ही माधवनगरला राहतो. घरात मी, आमचे हे (ऊस आणि थोडी द्राक्षं बघतात) आणि ह्यांची आत्या, म्हणजे ताराक्का. वय शहाऐंशी. गुडघे गेलेत, बाकी सगळं जागेवर आहे, जीभ तर जरा जास्तच. एकुलती एक मुलगी श्रेया एडिंबरामध्ये नोकरीला.

आक्कांबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही जैन, पाणी गाळून पिणारे. स्वयंपाकघरातल्या नळाला पांढरं फडकं बांधलेलं असतं. आता आमच्या घराण्यातल्या कुठल्याही मुलीचं लग्न ठरायच्या आधी आक्का मुलाचं घर बघून यायच्या. न कळवता, आणि मागच्या दाराने. “पुढनं समद्यांचीच घरं झाडल्याली असत्यात,” म्हणायच्या. आत जायचं, पाणी मागायचं, गोठ्यात डोकावायचं. घर पसंत पडलं तर कंबरेला खोचलेलं फडकं काढायचं, लुगड्याच्या काठाची एक चिंधी फाडायची आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या नळाला ते बांधून यायचं. दोन वेढे आणि टोक उलटं आत खोचलेलं, अशी त्यांची गाठ. पसंत नसलं तर पाणी न पिता परत. आक्कांनी फडकं बांधलं की लग्न ठरलं, असं आमच्याकडे सरळ समीकरण होतं.

मागच्या वर्षी श्रेयाने फोनवर कॅलमचं नाव सांगितलं. तिच्याच ऑफिसमधला, घर तिकडच्याच केर्नगॉर्म डोंगरात, घरी आई आणि गाई. आमच्या ह्यांनी आधी गाई किती म्हणून विचारलं, म्हणजे ह्यांचं निम्मं होकारावर आलं. मी फोटो बघितले, मुलगा हसरा होता, मीही आले. अडलं ते आक्कांपाशी.

“घर न बघता कसं सांगू गं बाय?” आक्का म्हणाल्या. “व्हय म्हणलं तर खोटं, न्हाई म्हणलं तर पाप.”

“आवं आक्का, फोटो बघा की. व्हिडिओ दाखवते.”

“फोटूत पाण्याचा वास येतो का?”

आणि आमची श्रेया! आक्कांच्या मांडीवर वाढलेली. तिने तिकडून जाहीर केलं, आक्का हो म्हणाल्याशिवाय मी लग्न करणार नाही. मी फोनवर तिच्यावर ओरडले. ज्या बाईला अंगणापर्यंत जायला काठी लागते, ती स्कॉटलंडात घर बघायला जाणार कशी? पासपोर्ट नाही, विमान तिने फक्त खालून बघितलेलं. श्रेया रडायला लागली, मग मीही. म्हणजे सगळी गाडी तिथेच रुतून बसली.

शेवटी ठरलं की आम्ही दोघांनी जाऊन घर बघायचं आणि येऊन आक्कांना इत्थंभूत सांगायचं. आता प्रश्न — राहायचं कुठे? कॅलमची आई, मोराग, म्हणाली आमच्याकडेच उतरा. पण मुलीकडच्यांनी लग्नाआधी मुलाच्या घरी मुक्काम ठोकायचा? छे! मी चक्क तक्ता केला. गावात स्टेशनजवळ हॉटेल होतं, पण तिथे स्वयंपाक करता येईना. एक दगडी घर होतं, त्याला जिना उभा. आणि एक लाकडी घर — पाइनच्या जंगलात, तळ्याच्या काठी, सगळं एका मजल्यावर, स्वयंपाकघर स्वतंत्र. मोरागचं शेत तिथून गाडीने पंधरा मिनिटं. मी त्या भागाचा नकाशा काढून समोच्च रेषा तपासल्या, सकाळचं ऊन कुठल्या बाजूने येईल तेही बघितलं.

“पाचगणीला जाताना कवा एवढं बघितलं न्हाईस,” हे म्हणाले.

“पाचगणीला व्याही नव्हते,” मी म्हटलं आणि तळ्याकाठचं घर बुक केलं.

निघायच्या दिवशी आक्कांच्या पाया पडले. त्यांना तक्ता ऐकवला, तळं ऐकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ते तुझं तू बघ. म्या एवढंच सांगते, नळाला फडकं दिसंल त्या घरात ऱ्हावा.”

आम्ही दोघं खूप हसलो. स्कॉटलंडात नळाला फडकं! हे तर विमानतळापर्यंत हसत होते.

रविवारी पोचलो. आणि मंडळी, काय तो देश! डोंगर उघडेबोडके, वरती जूनमध्येही बर्फाचे पांढरे डाग, खाली पाइनची गर्द राई. दिवस दहा वाजून गेले तरी मावळेना. आमच्याकडे दिवस असतानाच जेवायचा नियम, तर ह्यांनी रविवारी तीन वेळा रात्रीचं जेवण केलं. दिवस आहे म्हटल्यावर मी तरी कुठल्या तोंडाने अडवू?

सोमवारी सकाळी तळ्याकाठी फिरायला बाहेर पडलो आणि माझा तक्ता तिथेच गारद झाला. चिलटं! आपल्याकडच्या चिलटांच्या निम्मी, पण ढगच्या ढग, आणि चावायला पक्की. वारा पडला की ती येतात आणि तळ्याकाठी सगळ्यात जास्त, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं म्हणे. समोच्च रेषांत ते दाखवत नाहीत. बरं, आम्ही मारणारे नव्हे. आमचे हे दोन्ही हात खिशात घालून, डोळे मिटून उभे.

“मारायचं न्हाई ते ठीक हाय गं,” हे दातातून बोलत होते, “पण पळायला तर परवानगी हाय न्हवं?”

पळालो. मंगळवारचा दिवसही आम्ही खिडक्या बंद करून घरातच काढला. बुधवारी दुपारी मोरागकडे जेवायला जायचं होतं. एडिंबराहून श्रेया आणि कॅलम मंगळवारी संध्याकाळी आले. श्रेयाने आमचे सुजलेले चेहरे बघितले आणि पोट धरून हसली.

बुधवारी मोरागच्या दारात उतरलो. माझ्याच वयाची बाई, लालबुंद गाल, पायात चिखलाचे गमबूट. तिने मला मिठी मारली, ह्यांचा हात हातात घेतला आणि आमच्या मागे गाडीत वाकून बघितलं. मग काहीतरी विचारलं. तिचं इंग्रजी मला तीनदा ऐकल्याशिवाय कळत नव्हतं, म्हणून मी श्रेयाकडे बघितलं. श्रेयाचा चेहरा उतरला होता.

“आई... ती विचारतेय, आजी नाही आल्या का आज?”

“कुठल्या आजी?”

तोपर्यंत मोराग आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेली होती. खिडकीखाली सिंक, सिंकवर जुना पितळी नळ. नळाला पांढरं फडकं बांधलेलं. त्याभोवती तांबड्या काठाची चिंधी. दोन वेढे, आणि टोक उलटं आत खोचलेलं.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. ह्यांनी पुढे होऊन त्या गाठीला बोट लावलं आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

मोरागने सांगितलं ते असं, श्रेयाने वाक्य वाक्य करून मला सांगितलं. काल, मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास मागचं दार वाजलं. एक ठेंगणी म्हातारी, पांढरे केस, जांभळं नऊवारी, अनवाणी. मोरागला वाटलं, आमच्याबरोबर आलेली आजी असणार, फिरत फिरत आली. म्हातारीने हाताने पाणी मागितलं. मोरागने ग्लास भरायला नळ सोडला तर म्हातारीने तिचा हात धरला, नळ बंद केला, कंबरेचं फडकं काढून नळाला बांधलं, आणि मग ओंजळ पुढे केली. ओंजळीनेच पाणी प्यायली. मोरागने चहा विचारला तर मान हलवली. जाताना कुंपणापाशी उभ्या असलेल्या तांबड्या गाईजवळ थांबली — त्या गाईंच्या डोळ्यांवर केस येतात बघा, तसली — आणि तिच्या मागच्या उजव्या पायाकडे बोट दाखवलं. मोरागने नंतर खूर बघितला, तर त्यात खडा रुतलेला. दोन दिवस गाय का लंगडते ते कुणाला कळत नव्हतं.

“तिला सोडायला गाडी काढते म्हणून मी किल्ली घ्यायला आत गेले,” मोराग म्हणाली, “परत आले तर ती गेली होती. फार चालते हो तुमची आजी!”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या घरी पहिल्यांदाच आलेलो, सांगायचं तरी काय? श्रेयाने डोळे पुसले आणि म्हणाली, “हो, ती आमची आक्का.”

मग मी ह्यांना तळ्याकाठचं सामान आणायला पाठवलं. नळाला फडकं होतं, आक्कांचा शब्द होता. आम्ही पुढचे सहा दिवस मोरागच्या घरी राहिलो, तिच्या स्वयंपाकघरात झुणका केला आणि ह्यांनी गाईंचे केस बाजूला करून त्यांचे डोळे बघितले. तिचं घर टेकाडावर होतं, वारा कायम, चिलट एक नाही.

तुम्ही म्हणाल, कुणीतरी थट्टा केली. मीही आधी तेच धरलं. कॅलमला उलटा टांगायचा बाकी ठेवला. पण मंगळवारी सकाळी कॅलम आणि श्रेया दोघंही एडिंबरात ऑफिसमध्ये होते. फडक्याबद्दल श्रेया त्याला कधी बोललीच नव्हती. आणि ती गाठ तर आमच्या घरात मलासुद्धा जमत नाही.

मी त्याच दिवशी माझ्या जावेला, सुनंदाला फोन केला. आम्ही नसताना आक्कांकडे तीच बघत होती. काही न सांगता नुसतं विचारलं, काल आक्का कशा होत्या?

“बऱ्या हाईत,” सुनंदा म्हणाली. “पण काल जेवून ज्या निजल्या, त्या पाचपतोर उठल्याच न्हाईत. हाका मारून दमले. हात लावून बघितला तर तळपाय बर्फावाणी गार. अंगावर वाकळ टाकली मी, जूनच्या उकाड्यात!”

आपली वेळ त्यांच्यापेक्षा साडेचार तास पुढे. तिकडचे सकाळचे अकरा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. एवढा हिशेब भूगोलाच्या बाईला करता आला, पुढचा नाही.

परत येताना आम्ही दोघांनी ठरवलं, आक्कांना मोरागची हकिकत सांगायची नाही. श्रेयालाही फोनवर तोंड बंद ठेवायला लावलं. पेपर फुटता कामा नये, ही माझी जुनी सवय. घरी आल्यावर मी आधी आक्कांची ट्रंक उघडली. जांभळ्या इरकल लुगड्याचा तांबडा काठ वीतभर फाटलेला होता. आता हा काठ आधीच फाटला असेल का, मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी कधी बघितला नव्हता.

आक्का ओसरीवर शेंगा फोडत होत्या.

“घर बघितलंसा?” त्यांनी विचारलं.

“बघितलं. तिथंच राहिलो.”

“नळाला फडकं हुतं का?”

“होतं.”

“मग वाट कसली बघतीस? पोरीला सांग, तारीख काढा म्हणावं.”

मी आत जाऊन श्रेयाला फोन लावला. तिकडून ती अशी किंचाळली की तिच्या ऑफिसातले लोक धावले असतील.

लग्न येत्या जानेवारीत इथेच आहे. मोराग आणि कॅलमचे मामा येणार आहेत. गेल्या आठवड्यात मी पुन्हा तक्ता घेऊन बसले. सांगलीतली तीन हॉटेलं, कुठे गरम पाणी चोवीस तास, कुठे लिफ्ट, कुठली खोली रस्त्याच्या आवाजापासून लांब. मोठ्याने वाचून ह्यांना विचारत होते, मोरागला कुठलं बरं पडेल? आक्का भिंतीला टेकून जपमाळ ओढत होत्या. त्यांना मी आजवर त्या पाण्याचा, त्या ओंजळीचा एक शब्द सांगितलेला नाही. ह्यांनीही नाही. श्रेयाला मी पुन्हा पुन्हा विचारलंय, तिने शपथ घेतलीय.

आक्कांनी माळ थांबवली.

“हाटेलात कशाला?” त्या म्हणाल्या. “हितंच उतरू दे तिला, माझ्या खोलीत. तिनं मला पाणी पाजलंय.”

आणि परत माळ ओढायला लागल्या. कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर कळवा, माझ्याकडे नाही. मी तक्ता फाडून टाकला आणि आक्कांच्या खोलीत दुसरी खाट टाकायला घेतली.