लाल दिव्याआडच्या सरोजाक्का

“स्वल्प बाहेर थांबा, अण्णा. आतली किरणं तुम्हाला कशाला?” काचेमागे बसलेल्या मला सरोजाक्कांचं एवढंच ऐकू आलं. बायकोचा दंड सोडून तो माणूस बाकावर जाऊन बसला. एक्स-रे खोलीचं जड दार लागलं, वरचा लाल दिवा पेटला.

नवऱ्याला जिथून हक्कानं बाहेर काढता येतं, अशी ही रुग्णालयातली एकच खोली, असं सरोजाक्का म्हणायच्या. आम्ही दोघी कानडी मुलखात, व्हाइटफील्डच्या एका रुग्णालयात एक्स-रे तंत्रज्ञ. माझ्याकडे पदवी होती, त्यांच्याकडे जुना डिप्लोमा. तरी डॉक्टर मॅडम फिल्म उघडताना माझ्यासमोर विचारायच्या, “अक्का काय म्हणाल्या?” ते मला फार लागायचं.

त्या दिवशी फिल्मवर कोपराखालचं एकच हाड मधोमध मोडलेलं होतं. अक्कांनी त्या बाईच्या जुन्या फिल्म शेजारी लावल्या. “ही म्हणते, जिन्यावरून पडले. पण पडणारी तळहात टेकते. हिनं मार चुकवायला हात डोक्यावर धरला असेल. आणि फासळ्या बघ, वेगवेगळ्या वेळी मोडून जुळल्यात. पण फिल्म नुसती शंका दाखवते. बोलायचं तिनंच. सरी? कळलं ना?”

हे मीही पुस्तकात वाचलं होतं. पण बायका त्यांच्याशी बोलत. हात प्लेटवर ठेवताना, नजर कोपरावरच ठेवून, अक्का हळूच विचारायच्या. मी काचेमागून बघत जळायची. मला कुणीच कधी काही सांगितलं नव्हतं.

अक्का रजेवर असताना नाशिककडची एक मुलगी मनगट धरून आली. नवरा गोड बोलत आत शिरला. मला नाही म्हणवेना. उलट मीच त्याला किरणं अडवणारा शिशाचा एप्रन दिला. ‘बाथरूममध्ये पडले,’ ती त्याच्याकडे बघत म्हणाली. मी तसंच लिहिलं.

“एप्रन त्याला दिलास?” परतल्यावर अक्कांनी एवढंच विचारलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मग त्या निवृत्तच झाल्या.

परवा तीच मुलगी पुन्हा आली, या वेळी दुसरा हात धरून. नवऱ्यानं सवयीनं खुंटीवरच्या एप्रनकडे हात नेला. मी तो आधी काढून घेतला आणि दाराकडे बोट केलं. लाल दिवा पेटला. अक्कांना हे किती सोपं गेलं असतं, हेच तेव्हाही मनात आलं. तिचा हात प्लेटवर ठेवत, तिच्या कोपराकडे बघत मी म्हणाले,

“मागच्या वेळी त्यांना आत येऊ दिलं, ती माझी चूक होती. आता ते बाहेर आहेत. घरी तुला कोणी मारतं का?”