नसलेली रील

नांदेडला एका दैनिकाच्या जिल्हा पानावर मी अकरा वर्षं काम केलं. तालुक्यांतले वार्ताहर मजकूर पाठवायचे, मी तो नीट करून मथळा द्यायचो. रेल्वेतून पडून कुणी तरुण गेला की मथळा शोधावा लागत नसे. 'स्टंटबाजी जिवावर बेतली', 'हुल्लडबाजी भोवली', 'रीलचा नाद नडला'. गेलेला माणूस कोण, यापेक्षा ओळीत किती अक्षरं बसतात हे महत्त्वाचं. 'नडला' तीन अक्षरांत होतो, एका कॉलमात सहज मावतो.

मुदखेडच्या वार्ताहराचं वह्या-पेनांचं दुकान होतं. एकदा दुपारी चारच्या सुमारास त्याचा फोन आला.

"सर, पॅसेंजरमधून एक पोरगं पडलं. दारात लटकून खांबांना हात लावून राहिलं होतं म्हणे. एक खांब डोक्याला लागला. जागीच गेलं."

"वय?"

"बावीस. उदगीरचं हाय, विष्णुपुरीला शिकायला होतं. हिमायतनगरला दोस्ताच्या बहिणीचं लग्न होतं, तिथून वापस येऊन राहिलं होतं."

"रील काढत होता का?" मी विचारलं.

"असंल सर. आजकालची पोरं काय..."

त्याच्या 'असंल'वर मी बातमी केली. 'रील काढण्याच्या नादात तोल जाऊन' असं पहिल्याच वाक्यात घातलं आणि 'रीलचा नाद नडला' हा मथळा दिला. शेवटी पालकांनी मुलांवर लक्ष ठेवावं, अशी एक ओळ जोडली. ती आमच्याकडे अशा प्रत्येक बातमीला असायची. पंधरा मिनिटांचं काम. नंतर मी खाली जाऊन चहा घेतला.

दोनेक आठवड्यांनी एक बाई कार्यालयात आल्या. तिशीच्या असतील. त्या मुलाची थोरली बहीण. लातूरला एका शाळेत शिक्षिका होत्या आणि तिथूनच सकाळच्या एसटीनं निघाल्या होत्या. बातमीचं कात्रण त्यांनी प्लास्टिकच्या फाइलीत ठेवलं होतं.

अशी माणसं येत. 'आमचा मुलगा तसा नव्हता' म्हणत. त्यांच्यासाठी माझं उत्तर ठरलेलं असे, पोलिसांनी दिलेल्या माहितीवरून बातमी केली. ते मी मनात जुळवून बसलो.

"ही बातमी कुणी लिहिली, सर?"

"मीच."

"मग ती रील तुमच्याकडे असेल. मला मिळंल का?"

मला कळेना. त्या सांगत गेल्या. आईला वाचता येत नाही. शेजारच्या कुणीतरी ही बातमी वाचून दाखवली, तेव्हापासून आईनं एकच धरलंय, मरायच्या आधी त्यानं रील काढली, म्हणजे त्यात तो दिसंल, बोलतही असंल. ती रील मला बघायचीय. बहिणीनं भावाचा फोन दहा वेळा तपासला होता. त्यात लग्नातले फोटो होते, जेवणाच्या पंगतीतला एक व्हिडिओ होता, गाडीतलं काहीच नव्हतं. बरोबरचे मित्र म्हणाले, त्याचा फोन बॅगेत होता. मग त्यांना वाटलं, डब्यातल्या दुसऱ्या कुणी काढली असेल आणि ती पेपरवाल्यांकडे पोचली असेल.

"तो लटकत होता, हे खरं आहे सर," त्या म्हणाल्या. "मित्रांनीच सांगितलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला फक्त रील पाहिजे."

मी जुळवलेलं उत्तर इथे कुठेच बसत नव्हतं.

"ताई, रील नाहीये," मी म्हणालो. "मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच लिहिलं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्यासमोर धरला. "हे आईला तुम्ही सांगा. माझं ऐकत नाही ती."

"माय, मी पेपरातून बोलतोय. बातमी मी लिहिली होती."

"हाय का वो ती रील तुमच्याकडं?"

"न्हाई, माय. त्यानं काढलीच नव्हती. माझ्याकडून चुकून..." मी थांबलो. ते चुकून नव्हतं. "कुणाला न विचारता मी तसं लिहिलं."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"मंग दारात काय करून राहिला होता त्यो?"

मी बहिणीकडे बघितलं. "सांगा," त्या म्हणाल्या.

"खांबांना हात लावत होता, माय."

"हाव," ती म्हणाली. "बसमधून बी हात भाईर काढायचा. लई मारलं म्या त्याला त्याच्यापायी." आणि फोन ठेवला.

बहीण उठल्या. मी चहा विचारला, त्या नको म्हणाल्या. परतीची एसटी गाठायची होती.

संध्याकाळी मी संपादकांना दुरुस्ती छापायची म्हणालो. "स्टंट तर केलाच होता ना?" त्यांनी विचारलं. केला होता. तरी आतल्या पानावर दोन ओळी घेऊ दिल्या. वेबसाइटवरचा मथळा बदलायला आठ दिवस गेले. उदगीरला तोपर्यंत ती बातमी मोबाइलवरून किती जणांकडे गेली असेल, त्याचा पत्ता नाही.

बदल काही फार मोठा झाला नाही. बातमीखालची पालकांना सांगणारी ओळ मी टाकेनासा झालो आणि वार्ताहरांना प्रश्न विचारायला लागलो. काही महिन्यांनी मुदखेडहून पुन्हा तसाच फोन आला. एक मुलगा चालत्या गाडीतून पडला होता, स्टंट करताना म्हणे.

"कुणी बघितलं?" मी विचारलं.

"सर, आता तुम्ही लई चौकशी करून राहिले," तो वैतागला. पण दुकान बंद करून स्टेशनवर गेला. तासाभरानं त्याचा फोन आला, आवाज उतरलेला होता. "स्टंट न्हाई, सर. पाण्याची बाटली भरायला उतरला होता. गाडी सुटली म्हणून पळत चढायला गेला. फलाटावरच्या चहावाल्यानं बघितलंय."

आम्ही तसं छापलं. दुसऱ्या दिवशी मी बाकीचे पेपर चाळले. दोन पेपरांत तो स्टंट करतानाच पडला होता.